आजोबांच्या फ्रेममधलं फारसी पान: आधी मागची बाजू बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि चारही फोटो मोठे करून दोन-तीनदा बघितले. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताईंचे आजोबा निजामाच्या काळात तेव्हाच्या औरंगाबादला महसुलात नोकरीला होते, त्यांच्याकडून आलेलं एक वीतभर उंचीचं पान घरात फ्रेम करून लावलेलं आहे. चित्रात एक बाई तळ्यात आंघोळ करतेय, शेजारी काळा घोडा उभा आहे, वर टेकडीआडून एक घोडेस्वार तोंडात बोट घालून बघतोय, आणि चित्राच्या वर-खाली चार रकान्यांत फारसी मजकूर. तळं काळंकुट्ट पडलंय, एका दासीचा चेहरा पुसला गेलाय आणि हिरव्या चौकटीच्या रेघेवर कागद तडकलाय. कुणीतरी घरी येऊन सांगून गेलं की हे शाहनाम्याचं, म्हणजे इराणच्या राजांवरच्या फिरदौसीच्या महाकाव्याचं, इराणी पान आहे, कोट्यवधींचं आहे. आता ताईंना विचारायचंय की हे खरं का खोटं, किती जुनं, चेहरा एखाद्या चित्रकाराकडून नीट करून घ्यावा का, आणि अमेरिकेतल्या भावाकडे पाठवून तिकडे विकता येईल का.

मी कागदाची माणूस आहे. पुण्यात गेली सव्वीस वर्षं पोथ्या, बाडं, नकाशे, सनदा असलं सगळं दुरुस्त करते, फारसी कामापुरती येते, म्हणजे वाचता येतं, अडलं की ज्यांना खरंच येतं त्यांच्याकडे जाते. चित्रांची किंमत मी करत नाही आणि फोटोवरून छातीठोक "ओरिजिनल आहे" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही, तो एकतर ज्योतिषी असतो नाहीतर व्यापारी. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातलं काही तुमच्या फोटोवरून दिसतंय, काही तुम्हालाच घरी बघावं लागेल, आणि काही पान हातात घेतल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

मुळात "खरं का खोटं" असा प्रश्न विचारला की पुढची सगळी गाडी चुकते. असं पान म्हणजे तीन गोष्टी असतात, कागद, मजकूर आणि चित्र, आणि या तिघांचा जन्म एकाच घरात एकाच वेळी झाला का हा खरा प्रश्न. कागद दोनशे वर्षं जुना, मजकूर तितकाच जुना आणि चित्र मागच्या दिवाळीतलं, अशी पानं माझ्याकडे दर वर्षी येतात. जयपूर-उदयपूरकडे टुरिस्ट लोकांसाठी जुन्या स्टॅम्पपेपरवर हत्ती-उंट काढून देतात ते तुम्ही पाहिलं असेल, तोच धंदा फारसी पोथ्यांच्या सुट्या पानांवरही चालतो. एकदा एक गृहस्थ "लैला-मजनू" घेऊन आले होते, चित्र खूप सुंदर, आणि आजूबाजूचा मजकूर वाचला तर तो वारसाहक्काच्या वाटण्यांचा, मुलीला किती हिस्सा, बहिणीला किती. मजनूला त्याचा काय उपयोग.

तर आधी मजकूर. तुमचा तिसरा फोटो हलला आहे, पण चित्राच्या लगेच वरच्या ओळीत मला "परंद" आणि "आसमानगून" हे दोन शब्द लागले, आणि पुढच्या अर्ध्या ओळीत "आब" आणि "आतिश". तेवढं पुरे झालं. ही निजामीची ओळ आहे, बाराव्या शतकातला, आजच्या अझरबैजानमधल्या गंजा गावचा कवी, त्याच्या "खुसरो व शिरीन" मधली. नायिका शिरीन आकाशी रंगाचं रेशीम कमरेला गुंडाळून पाण्यात उतरली आणि तिने जगाला आग लावली, अशा अर्थाची. आता चित्र परत बघा, बाईच्या कमरेला निळं कापड आहे ना, ते चित्रकाराने आपल्या मनाने नाही घातलं, ते त्या ओळीतून आलंय. घोडा काळा आहे कारण तो शबदीज, नावाचाच अर्थ रात्रीच्या रंगाचा. आणि तोंडात बोट घातलेला तो खुसरो, इराणचा राजपुत्र. गंमत अशी की दोघं एकमेकांच्या शोधात निघालेली असतात, ती त्याचं चित्र बघून प्रेमात पडून त्याच्या राजधानीकडे, तो बापाच्या धाकाने पळून तिच्या मुलखाकडे, वाटेत या तळ्यापाशी गाठ पडते आणि दोघंही एकमेकांना ओळखत नाहीत नि आपापल्या वाटेने निघून जातात. बोट तोंडात घालणं ही त्या चित्रांमधली आश्चर्याची ठरलेली खूण, आपण "तोंडात बोट घातलं" म्हणतो तीच.

म्हणजे शाहनामा नाही. खुसरो-शिरीन फिरदौसीच्या शाहनाम्यातही येतात, पण हा आंघोळीचा प्रसंग निजामीचा. फारसी न येणाऱ्यालाही हे तपासायची एक युक्ती मी सांगते, माझ्या आवडीची आहे. कुणाकडून तरी दोन ओळी मोठ्याने वाचून घ्या आणि ठेका ऐका. शाहनामा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वृत्तात आहे, लगागा लगागा लगागा लगा, म्हणजे आपलं भुजंगप्रयात, फक्त शेवटचं एक अक्षर खाल्लेलं. मनाचे श्लोक ज्या चालीत म्हणतो ना, त्याच चालीत शाहनामा म्हणता येतो, मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसायलाच आलं होतं. आणि खुसरो-शिरीनचं वृत्त आहे लगागागा लगागागा लगागा, मराठी गझल लिहिणाऱ्यांना हे मृगाक्षी म्हणून पाठ असतं. म्हणून "शाहनामा" म्हणून गेलेल्या त्या माणसाने एक ओळ जरी वाचली असती तरी त्याला कळलं असतं. चित्रात घोडा आणि राजा दिसला की शाहनामा म्हणायचं, असं चालतं बाजारात.

ओळ सापडली की पुढचं काम घरबसल्या होतं, गंजूर नावाच्या साईटवर बहुतेक सगळी जुनी फारसी कविता टाईप केलेली आहे आणि शोधता येते. चार रकाने असले तर एका आडव्या ओळीत दोन बैत, म्हणजे दोन द्विपदी, आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे आडवं, रकान्यातून खाली नाही. तुमच्या पानावर किती बैत आहेत ते मोजून बघा आणि गंजूरवरच्या क्रमाशी जुळतात का बघा. पाच-दहा बैत गायब असले तर घाबरू नका, नकलनवीस लोक गाळायचे, घालायचे, दोन्ही करायचे.

अजून एक गोष्ट तुमच्या दुसऱ्या फोटोत मला फार आवडली. चित्राच्या वरच्या दोन ओळी सरळ नाहीत, तिरक्या लिहिल्यात आणि मधल्या तिकोनी जागेत सोन्याची वेलबुट्टी आहे. नुसती शोभा म्हणून केलेलं नाही ते. लिहिणारा आधी लिहायचा, चित्राची जागा कोरी सोडायचा, चित्रकार नंतर बसायचा. आता ज्या ओळीचं चित्र आहे ती ओळ चित्राला चिकटूनच आली पाहिजे, पण मजकूर कमी पडायला लागला तर लिहिणारा काय करणार, तो ओळी तिरक्या करून जागा भरतो, आपण परीक्षेत अक्षर मोठं काढून पान भरवायचो तसं. त्यामुळे तिरक्या ओळी दिसल्या की समजायचं की इथे चित्र येणार हे लिहितानाच ठरलं होतं. नंतर कुणीतरी मजकूर खरवडून त्यावर चित्र काढलं असण्याची शक्यता बरीच कमी होते. शून्य होत नाही, कारण पोथीत जागा सोडलेली आणि चित्र कधी काढलंच नाही अशीही पानं असतात, आणि अशा कोऱ्या चौकटी म्हणजे बनावट करणाऱ्याला सोन्याची खाणच की.

म्हणून आता पान उलटा. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की माझ्या हाताखालची मुलं माझी नक्कल करतात. चित्राची बाजू सगळे बघतात, बनावट करणाराही तीच बाजू सजवतो, मागची बाजू कुणी सजवत नाही. तुमची फ्रेम उघडल्याशिवाय ते दिसणार नाही, ती कशी उघडायची ते खाली लिहिते, घाई करू नका.

मागे मजकूर असेल, आणि तो पुढच्या मजकुराला सलग जोडून येत असेल, तर फार चांगलं. चित्राच्या काही बैत आधी किंवा नंतर गोष्ट सुरू असली पाहिजे. मग हिरवी चौकट. तो हिरवा म्हणजे जंगाल, तांब्यापासून केलेला रंग, पितळेच्या भांड्यात आमटी कळकते तेव्हा जे येतं त्याच जातीचं काहीतरी. तो कागद जाळत जातो, हळूहळू, शंभर वर्षं, दोनशे वर्षं. जुन्या कारागिरांना हे ठाऊक होतं, जंगालात केशर मिसळा म्हणजे कागद खाणार नाही अशा कृती फारसीत लिहून ठेवल्यात त्यांनी. तर खऱ्या जुन्या पानावर पुढे जिथे हिरवी रेघ आहे तिथेच बरोब्बर मागे तपकिरी रेघ उमटलेली दिसते, भाजल्यासारखी. तुमचा कागद रेघेवरच तडकलाय हे त्यामुळेच, कुणी दुमडलं म्हणून नाही. ही इजा ताबडतोब घडवता येत नाही, कुणाला नक्कल करायचीच असेल तर चहाचं पाणी लावून पान एकसारखं पिवळं करता येतं पण रेघेइतकं बारीक जाळणं अवघड.

तळं काळं का, हेही त्यातच आलं. तळं चित्रकाराने काळं काढलेलं नाही, चांदीचं काढलंय. पाणी आणि चिलखतं चांदीच्या वर्खाच्या रंगाने रंगवायचे, आणि चांदी काळी पडते, तुमच्या देवघरातली निरांजनं पडतात तशीच. पहिल्या दिवशी ते तळं आरशासारखं चमकत असणार आणि त्यात शिरीन, कल्पना करा. काळं पडलेलं पाणी ही मला खरं तर दिलासा देणारी गोष्ट वाटते. त्याला पितांबरी नाही लावायची हं, हसू नका, एकांनी टूथपेस्ट लावली होती.

मागची बाजू पूर्ण कोरी असेल तर दोन शक्यता. एक, पान पुठ्ठ्यावर चिकटवलंय आणि तुम्ही पुठ्ठा बघताय. दुसरी, पान चिरलंय. म्हणजे अक्षरशः, कागदाच्या जाडीतून, पोळीचे दोन पापुद्रे सोडवावेत तसं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या देमोत नावाच्या व्यापाऱ्याने चौदाव्या शतकातल्या एका मोठ्या शाहनाम्याचं हे केलं, दोन्ही बाजूंना चित्रं असलेली पानं सोलून दोन-दोन केली, मग ती भलत्याच मजकुराच्या पानांवर डकवली आणि वेगवेगळी विकली. जगभरच्या म्युझियममध्ये ती आज विखुरलेली आहेत आणि अभ्यासक अजून जोडाजोड करतायत.

घरच्या घरी करायच्या अजून तीन तपासण्या. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च पानाच्या कडेला आडवा धरा, म्हणजे प्रकाश कागदावरून घसरत गेला पाहिजे. जुन्या लिहिणाऱ्यांकडे मिस्तर असायचं, पुठ्ठ्यावर दोरे ताणून शिवलेले, त्यावर कागद ठेवून बोटाने घासलं की शाई न लागता ओळी उमटायच्या. आडव्या उजेडात त्या ओळींचे उंचवटे कधीकधी दिसतात, आणि अक्षरं त्यांवर बसलेली दिसली की जीव सुखावतो. अर्थात पुढे कागद भिजला किंवा दाबला गेला असेल तर त्या नाहीशा होतात, त्यामुळे न दिसणं हा पुरावा नाही.

दुसरी, नोटा तपासायचा तो जांभळा दिवा, दोनशे रुपयांत मिळतो. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी जी रसायनं घालतात ती त्या उजेडात निळसर पांढरी झगझगतात. पान झगझगलं तर कागदच नवा. जुना हातकागद मळकट, पिवळसर, मंद दिसतो. एक सूचना, फ्रेममधला मागचा कागद नवा असतो, तो चमकेल, त्याला बघून रडू नका.

तिसरी, भिंग. किडीची भोकं असतीलच, ती जिथे रंगावर आहेत तिथे बघा. किडीने रंगासकट कागद खाल्ला असेल तर भोकाची कड कोरडी आणि रंग तिथेच तुटलेला दिसतो. रंग भोकाच्या आत ओघळलेला असेल, कडेला गोळा झाला असेल, तर भोक आधी आणि चित्र नंतर. मग अक्षर बघा. बोरूने लिहिलेल्या अक्षरात शाई सुकत सुकत जाते, बोरू परत बुडवला की पुढचं अक्षर दाट, स्ट्रोकच्या शेवटी शाईचा थेंब साठलेला. सगळी अक्षरं एकसारखी सपाट काळी असतील तर ते शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं, असू शकतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत फारसी पुस्तकं शिळाछापावर भरपूर छापली जायची, लखनौला नवलकिशोर छापखान्यात तर ढिगाने, आणि त्यातली अक्षरं आधी हातानेच लिहिलेली असल्यामुळे काचेआडून कुणीही फसेल. मीही फसले आहे, आणि ते एका मोठ्या माणसासमोर.

आता "किती जुनं आणि इराणी का". फारसी म्हणजे इराणी असं नाही. इराणातल्या शिराजमध्ये सोळाव्या शतकात बाजारासाठी सचित्र पोथ्यांचे अक्षरशः कारखाने चालायचे, पण त्याच कविता दिल्लीत, हैदराबादेत, विजापुरात उतरवल्या जात होत्या, आणि काश्मीरमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात विकण्यासाठी सचित्र शाहनामे, हाफिज, निजामी इतके झाले की आपल्याकडच्या घरांमधून जी पानं निघतात त्यात मला काश्मिरी वारंवार भेटतात. खुसरोच्या पागोट्यातून वर आलेली लाल काठी कुणी दाखवली आणि "ही सफवी (इराणच्या त्या काळच्या राजघराण्याची) टोपी, म्हणजे पंधराशे अमुक" म्हटलं तर मान डोलवा पण विश्वास ठेवू नका, ती टोपी सोळाव्या शतकातली आहे हे बरोबर, पण नंतरचे चित्रकार जुनी चित्रं बघूनच काढत होते. शिवाय या प्रसंगाची मांडणी, खाली तळं, वर टेकडी, टेकडीआड स्वार, ही शतकानुशतकं जवळजवळ तीच राहिली. इराणचा सफवी राजा शाह तहमास्प याच्यासाठी १५३९ ते १५४३ च्या दरम्यान केलेला निजामीचा जो खमसा, म्हणजे त्याच्या पाच काव्यांचा संच, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे त्यातही शिरीन अशीच बसलीय. तेव्हा मांडणीवरून वय ठरत नाही. तुमच्या फोटोतले चेहरे, डोळ्यांची ठेवण, आणि तो नारिंगी-गुलाबी डोंगर बघून माझा कल हिंदुस्थानात, काश्मीरकडे, अठरावं शतक अखेर किंवा त्यानंतर, असा आहे. कल म्हणतेय, निकाल नाही, पान हातात आलं तर कदाचित शब्द मागे घेईन.

पुसलेल्या चेहऱ्याचं. नाही, कुणाकडूनही नीट करून घेऊ नका, कितीही चांगला चित्रकार असला तरी. याचं कारण सांगायला मला पुण्याबाहेर जावं लागत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळात "तारीफ-इ-हुसेनशाही" नावाची पोथी आहे, आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीत लिहिलेलं फारसी काव्य, तालिकोटच्या १५६५ च्या लढाईनंतर लगेचचं, आणि त्यात चित्रं आहेत. दख्खनच्या चित्रकलेचा इतिहास लिहिणारा कुणीही या पोथीला वळसा घालून जाऊ शकत नाही. त्यातल्या एका चित्रात बाईच्या स्पर्शाने झाड फुलतंय, आपला तो दोहदाचा संकेत, संस्कृत काव्यातला, आणि तो आलाय फारसी मसनवीत, म्हणजे द्विपदींच्या दीर्घ काव्यात, नगरच्या दरबारात. तर त्या चित्रांत राजाशेजारी, कुठे त्याच्या मांडीवर, त्याची राणी खुंजा हुमायूं दाखवलेली होती, आणि बहुतेक चित्रांत तिची आकृती कुणीतरी मुद्दाम पुसलीय, फासून टाकलीय. हुसेन गेल्यावर मुलगा लहान म्हणून ती कारभार बघत होती, १५६९ मध्ये मुलाने तिला कैद केलं. पुसणाऱ्याचं नाव माहीत नाही पण पुसण्यामागचं राजकारण त्या डागातच दिसतं. समजा शंभर वर्षांपूर्वी एखाद्या उत्साही माणसाने चांगला चित्रकार बसवून तो डाग "दुरुस्त" केला असता तर काय गेलं असतं आपलं, विचार करा.

तुमच्या दासीचा चेहरा कुणी श्रद्धेपोटी पुसलाय, का पानं उलटताना ओल्या बोटाने गेलाय, का सफेदा, म्हणजे पांढरा रंग, उडालाय, ते भिंगाखाली कळेल. रेघांचे ओरखडे एकाच दिशेने असले तर मुद्दाम. काहीही असो, राहू द्या.

फ्रेम. पावसाळ्यात उघडू नका, दिवाळीनंतर कोरड्या हवेत उघडा. फ्रेम पालथी ठेवून मागचे खिळे काढा, मागचं प्लायवूड किंवा हार्डबोर्ड काढा, आणि मग पान काचेला चिकटलंय का ते आधी बघा, कडेने, टॉर्च लावून. चिकटलेलं वाटलं तर तिथेच थांबा, सगळं परत बंद करा आणि कागद-संवर्धन करणाऱ्याकडे न्या. कामाच्या दुसऱ्या वर्षी मी एका पानावरची काच नुसती उचलली आणि अर्धा घोडा काचेवर राहिला. मालक काही बोलले नाहीत, चहा पण दिला, तेच जास्त लागलं. दमट हवेत डिंकाचा रंग मऊ होतो आणि काचेला धरतो, त्यामुळे पुन्हा फ्रेम करताना काच आणि पान यांच्यात माउंटची, म्हणजे भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवीच, आणि माउंट आम्लरहित बोर्डाचा. चिकटवायचं झालं तर वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. घरची किंवा बाईंडरची खळ नको, जुने बाईंडर किडीसाठी खळीत मोरचूद घालतात, तेही तांबंच, म्हणजे परत तीच कळकायची गोष्ट. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यांचं नाव काढू नका. लॅमिनेट केलेलं पान माझ्याकडे आलं की मी आधी दहा मिनिटं गप्प बसते.

हात धुऊन कोरडे करून धरा, जीभ लावून बोट ओलं करून तर अजिबात नको, पिवळा रंग हरताळाचा असू शकतो आणि हरताळ म्हणजे सोमलाचंच भावंड. पोथीतली चूक खोडायला हाच हरताळ लावायचे, "हरताळ फासणे" तिथूनच आलंय. उन्हाच्या भिंतीवर फ्रेम लावू नका, आणि ओल येणाऱ्या भिंतीवर तर नकोच नको.

अमेरिकेला पाठवायचं मात्र डोक्यातून काढा. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, त्यात वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाचं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं, चित्रांना आणि इतर वस्तूंना ती मर्यादा १०० वर्षं. खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही, भावाच्या बॅगेत साड्यांच्या घडीत घालून तर मुळीच नाही. सचित्र हस्तलिखितं पुरातत्त्व खात्याकडे नोंदवावी लागतात, आणि देशात विकायलाही व्यापाऱ्याकडे परवाना लागतो. नोंदणी केली म्हणून सरकार घेऊन जातं ही भीती लोकांना असते, पान तुमच्याच घरी राहतं. तुमच्या पानाला नेमकं काय लागू पडतं ते वकिलाला विचारून घ्या, मी कागदाची माणूस, कायद्याची नाही.

कोट्यवधींचं म्हणाल तर तो आकडा कुठून येतो तेही सांगते. शाह तहमास्पचा एक शाहनामा होता, २५८ चित्रांचा, इराणच्या शाहने तुर्कस्तानच्या सुलतानाला १५६८ मध्ये भेट दिलेला. १९५९ मध्ये हॉटन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने तो घेतला आणि नंतर सुटा केला, ७८ चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनला दिली, बाकीची एकेक करून बाजारात यायला लागली. त्यातलं एक पान २०११ मध्ये लंडनला सुमारे ७४ लाख पौंडांना गेलं. उरलेली पोथी १९९४ मध्ये इराणने परत मिळवली, बदल्यात डी कूनिंग या आधुनिक अमेरिकन चित्रकाराचं एक चित्र देऊन. तो दरबारातला ग्रंथ, तुमचं बाजारातलं पान, दोन्ही फारसी एवढंच साम्य. तुमच्या पानाची किंमत किती ते मी सांगणार नाही, पण कोटीचं स्वप्न दाखवून गेलेला माणूस पुढच्या आठवड्यात "तपासायला" पान मागायला आला तर देऊ नका.

एक करा. आजोबांच्या पेट्या, जुनी पुस्तकं अजून कुठे असतील तर त्यात बघा. सुटं पान एखाद्या पोथीतूनच निघालेलं असतं, आणि कधीकधी ती पोथी, जिल्द फाटलेली, चित्रं नसलेली, म्हणून माळ्यावर पडलेली असते. मागच्या बाजूला शिक्का असेल, किंवा मोडीत एखादी ओळ, "फारसी बाड, किंमत अमुक", तर तो फोटो आधी टाका, मोडी वाचणारे इथे पुष्कळ आहेत.

आणि मागचा फोटो काढाल तेव्हा अख्खं पान येऊ द्या, शेजारी पट्टी ठेवा, माउंटखाली दबलेल्या कडा सुद्धा. मागच्या बाजूला डावीकडे अगदी खाली, चौकटीबाहेर, एक छोटा तिरका शब्द असण्याची शक्यता आहे, पुढच्या पानाचा पहिला शब्द, बाईंडरला पानं क्रमाने लावता यावीत म्हणून लिहिलेला. फ्रेमवाले नेमका तोच कापतात. तो शिल्लक असेल तर पुढचं पान कुठल्या बैतापासून सुरू होत होतं ते लगेच सांगते.